रांगेचा धडा

आम्हां नाहूरकरांस मुलुंडचा नाका म्हणजे मुंबईची वेसच होय. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात सरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांस पथकर माफ झाला. अवजड वाहनांस मात्र ती सवलत मिळाली नाही.

हा भेद आम्हांस ठाऊक होता. तथापि २०२५ च्या उन्हाळ्यात भाड्याच्या मोठ्या बसमधून सहकुटुंब नाशिकहून परतताना आम्ही चालकास बजावले, "ती मोकळी रांग धरा."

"गुरुजी, ती लहान गाड्यांची आहे," तो म्हणाला. आम्ही ऐकले नाही.

व्हावयाचे तेच झाले. बस अडविली गेली. मागे सरण्यास जागा उरली नाही. आणि पाठीमागे एक रुग्णवाहिका खोळंबली. चालकाने खाली उतरून, हात जोडून, एकेक गाडी मागे घेवविली, तेव्हा तिला वाट मिळाली.

वाचकहो, मोठ्या वाहनाची रांग दुरूनच ठरवावी लागते, आणि ती चालकानेच ठरवावी. जन्मभर मुलांस रांगेचे महत्त्व सांगितले. स्वतः मात्र तो धडा त्या दिवशी शिकलो. आतील रुग्णाचे पुढे काय झाले, हा विचार अद्याप मनातून जात नाही.