कोंड्यात गेलेलं बळ

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या आमच्या गावची हलर गिरणी यंदा भंगारात निघाली. आता धान भरडायचं तर ट्रॉलीत घालून मोठ्या राइस मिलवर न्यायचं, आणि घरचं धान नसेल तर रेशनचं पोतं उघडायचं. त्या पोत्यावर ‘फोर्टिफाइड’ असं छापलेलं असतं. शंभर दाण्यांमागे एक दाणा कारखान्यात घडवलेला: तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12. गावातल्या बायका सुपात तांदूळ घेऊन नेमका तोच दाणा वेचून फेकतात. तो वेगळा दिसतो, आणि प्लास्टिकचा आहे अशी आवई उठलेली आहे. रेशन दुकानात कुणी दोन शब्दांत समजावून सांगितलेलं नाही. बघून जीव तुटतो. तांदळातलं सत्त्व बाहेरून आणून घालायची पाळी धानाच्या जिल्ह्यावर यावी?

सुरुवातीचा इतिहास पुस्तकांत आहे, तो थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला दिसलं, की पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. कोंड्यातली ती चीज म्हणजे बी-1, थायामिन. भात अंगी लागून त्याची ताकद व्हायची तर थायामिन हवंच. जितका भात जास्त, तितकी त्याची गरज जास्त. आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडीतून गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ 1934 पासून हातसडीच्या तांदळासाठी कंठशोष करत होता. गिरण्यांना आवर घालणारा कायदा 1958 मध्ये आला, 1997 मध्ये रद्दही झाला.

माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं ते नव्वदच्या दशकात. त्याआधी आजी उखळात धान कांडायची. तांदूळ मळकट तांबूस, भात जड, चावून खावा लागे. पेज कधी ओतून दिली नाही. मीठ घालून तीच न्याहारी. हलर आला तेव्हाही एकदाच काढलेल्या तांदळावर थोडा कोंडा राही, डब्यात हात घातला की तळव्याला पिठासारखा चिकटे. मग गिरणीवर लोक म्हणू लागले, आणखी एकदा काढ, पांढरा होऊ दे. लग्नात सोयऱ्यांपुढे मळकट भात वाढायची लाज वाटू लागली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेला एचएमटी हा बारीक धानाचा वाण तोवर आमच्या बांधांवर पोहोचला होता. त्यांचं काम थोरच. दोष बारीक दाण्याचा नाही, त्याला घासून घासून चकचकीत करण्याच्या हौसेचा आहे. व्यापाऱ्यांनाही तेच सोयीचं होतं, कारण कोंड्यातल्या तेलामुळे तांदूळ लवकर खवट होतो. कोंडा तेलाच्या कारखान्यात आणि गुरांच्या दावणीत गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम हातसडीच्या तांदळात 0.21 मिलिग्रॅम थायामिन दिलं आहे, गिरणीच्या तांदळात 0.06.

त्याच दशकात गावोगाव लाल इंजेक्शन बोकाळलं. रोवणीच्या दिवसांत बाया कंबरेत वाकून दिवस काढायच्या. हातापायांना मुंग्या, तोंड आलेलं, चालवत नाही. आमच्या भागातला एक डॉक्टर नाडी धरायचा, सुई टोचायचा, रोवणीची मजुरी त्याच्या गल्ल्यात जायची. त्या इंजेक्शनातला लाल रंग बी-12 चा. ज्याच्या अंगात ते कमी आहे त्याला त्याचा गुण येतोच. पण बाई काय खाते, हे त्यानं एकीलाही विचारलं नाही. कमतरता नसलेल्याला त्या सुईनं काही जास्तीचं बळ येत नाही, हेही सांगितलं नाही. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

बी-12 तर कुठल्याच धान्यात नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकींमध्ये ते कमी निघालं. आमच्याकडे त्यावर उपाय दारात होता. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, आणि त्यांतली झिंगे-मासोळी. वांग्यात झिंगे पडले की थोडं बी-12 पोटात जायचं. पुढे तलावांत गाळ साचला, काठानं बेशरमची झुडपं माजली, मत्स्यबीज म्हणून रोहू-कतला सोडले गेले; ते वजनावर बाजारात जातात, छोटी देशी मासोळी आटत गेली. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर मच्छीमारांच्या सोबतीनं काही तलाव पुन्हा जिवंत केले. ते काम सरकारनं कधीच उचलायला हवं होतं. धान कापायच्या आधी ओलीत फेकलेली लाखोळी, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी, त्यातलं फोलेट, तेही ताटातून गेलं.

फोर्टिफाइड दाणा फेकू नका, हे मी घरोघर सांगतो. पण नियमात सक्ती आहे ती लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 ची. गिरणीनं काढून घेतलेलं बी-1 घालणं ऐच्छिक ठेवलंय. आणि बी-1 वाचवायची युक्ती तर आमच्याच गिरण्यांत आहे: उसना. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलं की कोंड्यातलं सत्त्व दाण्यात मुरतं. भंडारा-गोंदियाचा उसना ट्रक भरभरून बाहेरच्या राज्यांत जातो. त्यातले काही ट्रक आधी इथल्या अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत उतरले पाहिजेत, आणि रेशनचा कच्चा तांदूळ आणखी एकदा काढायचं थांबलं पाहिजे. जिल्हा पुरवठा कार्यालयाकडे मागणी करायची तर ती हीच.