जवारी निघेपर्यंत

चाचांनी तंबोरा सतरंजीवर आडवा घेतलाय. भोपळ्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. चारही तारा घोडीवरून उचलून बाजूला सारल्यात. जवारी काढायची, म्हणजे घोडी घासून झंकार जागेवर आणायचा, त्याआधी ते घोडीच्या पाठीवरून बोट फिरवतायत.

“चरे पडलेत. वर धूळपण आहे,” ते म्हणतात. “चरे वाजवल्यानं पडतात, धूळ न वाजवल्यानं.”

तंबोरा ताईंचा. ताई म्हणजे माझी गुरुभगिनी, सांगलीच्या एका शाळेत गाणं शिकवतात. मी कोल्हापूरहून सकाळच्या गाडीनं आलेय. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आम्ही दोघी कितीतरी महिन्यांनी अशा शेजारी बसलोय. डोक्यावर आढ्याला वाळके भोपळे टांगलेले, त्यांतले बरेच पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. खाली तुणाच्या लाकडाचा भुसा. लाखेचा वास.

“मार्च संपला का तुझा?” ताई विचारतात.

बँकेतल्या माणसाचा मार्च एकतीस तारखेला संपत नाही, हे त्यांना माहीत आहे. एक एप्रिलला खातेबंदीची सुट्टी म्हणून गिऱ्हाइकांना दार बंद असतं, आतले आम्ही असतोच. मग ऑडिट, मग बदल्यांची यादी. यंदा बदली टळली, हे सांगते. लेकीची बारावी झाली, हेही. खांदा आखडलाय, मागे हात नेऊन वेणी घालता येत नाही. ताई लगेच माझा हात धरून वर करून बघतात. “इथवरच? अगं, मग तंबोरा धरतेस कसा?”

धरत नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावते, कुकरच्या शिट्ट्यांत गाते. ताई काही बोलत नाहीत. चाचा मात्र कानस थांबवून एकदा वर बघतात.

आता ताईंची पाळी. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेतच झालं, त्या आता वॉकर घेऊन चालतात आणि सगळ्यांवर ओरडतात, म्हणजे बऱ्या आहेत. भाच्याचं लग्न पार पडलं. हे सगळं त्या भराभर सांगून टाकतात. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, गळ्याचं.

स्वरयंत्राला सूज होती. दुर्बीण घालून डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. कारण गाणं नव्हे. वर्गातल्या पोरांच्या गलक्यावरून बोलणं. गाणाऱ्यांचे गळे गाण्यापेक्षा बोलण्यानं जास्त बिघडतात असं माझं पक्कं मत आहे, आणि शाळेतल्या संगीतशिक्षकांना माइक द्यावा एवढं कुणाला सुचत नाही. डॉक्टरांनी मौन सांगितलं, कुजबुजसुद्धा नको, कारण कुजबुजण्यानंही गळ्याला ताण पडतो. खाकरायचं नाही. पाणी प्यायचं. रात्रीचं जेवण लवकर. थायरॉइडची गोळी आधीपासून आहेच.

“घरचे खूश होते,” ताई हसतात. “मौनाला.”

हसू घशातून मोकळं येतंय, हे मी ऐकून ठेवते.

मिरजेला गळा, डोळा, हाड दाखवायला येण्याची रीत जुनी. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४चं. विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून उपचारासाठी इथे आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला लागले. एका डॉक्टरनंच त्यांना गाण्याकडे वळवलं म्हणतात. इथल्या दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. खाँसाहेब वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होते.

चाचा खाँसाहेबांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. या गल्लीतली घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंबोऱ्याला हात घातला आणि कसब तिकडे वळलं. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मी विचारते. “चांगलं झालं,” चाचा म्हणतात. “पोरं बसली पाहिजेत पण.”

घोडी पुरेशी घासून झाली. तारा परत जागेवर. खुंटीला खडू लावून चाचा पीळ देतात आणि विचारतात, “काळी चारच ना?”

ताई लगेच उत्तर देत नाहीत. पट्टी उतरली हे गाणाऱ्यांच्यात अब्रू गेल्यासारखं बोललं जातं. मोठमोठे लोक वरच्या पट्टीत ताणत राहतात आणि मैफल ऐकणाऱ्याला त्यांचा षड्ज कमी, धाप जास्त ऐकू येते. मला हा हट्ट खुळा वाटतो.

“पांढरी पाच,” ताई म्हणतात.

अर्धा सूरच खाली. पण तार तेवढी ढिली होते आणि झंकार बदलतो, म्हणून चाचा पुन्हा तारा बाजूला करतात, पुन्हा कानस. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे. पंचम बोलतो. जोडी बोलते. खर्ज अजून नुसता वाजतोय. चाचा दोरा आणखी सरकवतात आणि एकाएकी खर्जातून गंधार वर येतो, कुणी लावलेला नसताना.

“गाओ बेटी,” चाचा ताईंना म्हणतात. ताईंनी साठी गाठलीय.

ताई षड्ज लावतात. पहिला जरा हलतो. दुसऱ्याला मी पण मिसळते, खांदा विसरून. श्वास माझाच आधी संपतो, त्यांचा नाही. चाचा एका कानानं ऐकत खर्जाच्या तारेचा मणी सरकवतात आणि मान हलवतात. अजून थोडं. कानस परत हातात.

तंबोरा जवारीला द्यायचा असेल तर पार्सलनं पाठवू नका. गाणाऱ्यानं स्वतः सोबत जावं, आज जो गळा आहे तो घेऊन, आणि पट्टी खरी सांगावी.