टू-स्ट्रोक गाडीची पोथी

भिलाई ड्रॉइंग वाचणाऱ्यांचं गाव. १९५५ च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पण याच भिलाईतल्या कुरुदमध्ये कुणी यामाहा आरएक्स १०० खोलून बसला आणि तिचं रिपेअर मॅन्युअल शोधू लागला, तर सुपेल्यापासून पॉवर हाऊसपर्यंतच्या बाजारांत पार्ट मिळेल, पुस्तक मिळणं कठीण.

आरएक्स आपल्याकडे १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, चार गिअर. गाडीबरोबर मालकाच्या हातात पडायची ती छोटी पुस्तिका, प्लग साफ करण्यापलीकडे ती फारशी जात नाही. खरं वर्कशॉप मॅन्युअल सर्व्हिस सेंटरसाठी असायचं. तिसरी वस्तू म्हणजे पार्ट कॅटलॉग, ज्यात इंजिनाचा प्रत्येक वॉशर सुटा करून क्रमाने काढलेला असतो. मला विचाराल तर आधी कॅटलॉग शोधा. जोडताना कोणता वॉशर कुठे, हे त्या चित्राइतकं चोख कुणी सांगत नाही.

पुस्तक नसल्याची किंमत ऑइल पंपाने मोजली. आरएक्सला ऑटोल्यूब होतं: टाकीत नुसतं पेट्रोल, टू-टी ऑइल वेगळ्या डब्यात, आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळाल तसा पंप तेल सोडणार. पंपाच्या चकतीवर एक खूण असते, ती केबलच्या ताणाशी जुळवावी लागते. नळी एकदा सुटली की आत शिरलेली हवा छोटा स्क्रू सैल करून काढावी लागते. हवा तशीच राहिली तर तेल पोहोचत नाही आणि पिस्टन सिलेंडरला धरतो. मॅन्युअलमध्ये हे काम मोजक्या ओळींचं आहे. त्या ओळी हाताशी नव्हत्या म्हणून कित्येकांनी पंपच काढून टाकला आणि टाकीत ऑइल मिसळायला सुरुवात केली. चांगली यंत्रणा अशी भंगारात जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग मॅन्युअल शोधायचं कसं? गाडीची बहीण शोधा. ब्रिटनमध्ये हिचीच बहीण आरएक्सएस १०० विकली जायची आणि तिच्यावर हेन्स या प्रकाशनाचं मॅन्युअल निघालं. हेन्सची रीतच अशी होती, की गाडी पूर्ण खोलायची, परत जोडायची आणि त्यातून पुस्तक लिहायचं. राजदूत १७५ असेल तर तिची आई पोलंडची एसएचएल एम-११. म्हैसूरला १९६१ पासून बनलेल्या जावाचं मूळ चेकोस्लोव्हाकियात. तिकडच्या पुस्तकांतली भाषा कळली नाही तरी आकृत्या आणि मिलिमीटर कळतात. फक्त वायरिंग आणि कार्बोरेटरच्या जेटचे आकडे डोळे झाकून घेऊ नका, देशागणिक ते बदलतात.

ज्या मिस्त्रींनी आरएक्सचं इंजिन कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकून घेतलं, ते आता म्हातारे झाले. त्यांच्या पेटीच्या तळाशी ग्रीसने काळी पडलेली एखादी प्रत असू शकते. भिलाई-दुर्गकडे तुमच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, असं जुनं मॅन्युअल पडलेलं असेल तर ते रद्दीत घालू नका. आधी त्याची झेरॉक्स काढा आणि जवळच्या गॅरेजमध्ये एक प्रत देऊन या.