एकच घड्याळ, पण कोणाचं?

स्टेजपासून मिक्सरपर्यंत जाणारी जाडजूड मल्टिकोर केबल आता अनेक सभागृहांतून हद्दपार झाली आहे. तिचं काम एक बारीक नेटवर्क केबल करते आणि या केबलवर बहुतेक वेळा सिडनीच्या ऑडिनेट कंपनीचं 'डान्टे' तंत्र चालतं. जोडणी इतकी सोपी की घड्याळाकडे कोणाचं लक्षच जात नाही. मग ऐन कार्यक्रमात स्पीकरमधून 'टक् टक्' ऐकू येतं. केबल बदलली जाते, स्विच बदलला जातो, माइकवाल्याला बोलणी बसतात. दोष मात्र पुष्कळदा सेटिंगमधल्या एका चुकीच्या खुणेत असतो.

पहिला गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे: दोन्ही उपकरणांवर ४८ किलोहर्ट्झ लिहिलं आहे, म्हणजे ती एका वेगाने चालतात. तसं नसतं. प्रत्येक उपकरणाचा वेग त्याच्या आतला स्फटिक ठरवतो आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोघांत दहा लाखांमागे २० इतकाच फरक धरला, तरी सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने मोजताना जवळपास एका नमुन्याची तफावत पडते. पाठवणारा एक नमुना जास्त पाठवतो, घेणाऱ्याकडे जागा नसते, तो नमुना गळतो. तोच 'टक्'. आकडा सारखा असणं पुरेसं नाही, सगळ्यांनी एकाच घड्याळाचा वेग पाळायला हवा.

त्यासाठी 'प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल' म्हणजे पीटीपी वापरतात. आयईईई १५८८ हे त्याचं मानक २००२ मध्ये आलं. नेटवर्कवरचं एक उपकरण लीडर होतं आणि ठरावीक अंतराने वेळेचे संदेश पाठवतं. बाकीची उपकरणं संदेशाला लागलेला प्रवासाचा वेळ वजा करून आपला वेग जुळवत राहतात. संगणक इंटरनेटवरून वेळ घेतो तेव्हा चूक मिलिसेकंदांत असते. इथे ती मायक्रोसेकंदाच्या आसपास ठेवावी लागते, कारण ४८ किलोहर्ट्झला एक नमुना जेमतेम २०.८ मायक्रोसेकंदांचा असतो.

लीडर झालेल्या उपकरणावर सगळ्या आवाजाचा भार पडतो, असंही अनेकांना वाटतं. भजनात टाळ लय धरतो, सगळ्यांच्या वाट्याचं गाणं तो गात नाही. लीडरचं तसंच आहे. आवाज पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे थेट जातो. लीडर बंद पडला तर सगळं ठप्प होईल ही भीतीही अनाठायी आहे. उरलेली उपकरणं काही सेकंदांत आपसांत नवा लीडर निवडतात आणि निवड होईपर्यंत आपापल्या शेवटच्या वेगावर चालत राहतात.

खरा घोळ होतो तो जास्तीच्या काळजीतून. डान्टेची जोडणी सांभाळणाऱ्या 'डान्टे कंट्रोलर' या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रिफर्ड लीडर' नावाची खूण आहे, जुन्या आवृत्त्यांत तिला 'प्रिफर्ड मास्टर' म्हणत. सुरक्षित राहावं म्हणून काही जण ती सगळ्या उपकरणांवर करतात. मग त्या खुणेला अर्थच उरत नाही, निवड पुन्हा यंत्रांच्या हाती जाते. कायम चालू राहणाऱ्या एकाच उपकरणावर खूण करावी, फार तर राखीव म्हणून आणखी एकावर. शेजारची 'एनेबल सिंक टू एक्स्टर्नल' ही खूण त्याहून घातक. ती केली की डान्टेचं कार्ड मिक्सरकडून किंवा वर्ड क्लॉकच्या, म्हणजे बाहेरून फक्त घड्याळाचा संकेत आणणाऱ्या, केबलवरून वेग घेऊ लागतं. मिक्सरच्या मेनूत मात्र क्लॉक सोर्स 'डान्टे' निवडलेला असला, तर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि घड्याळ कोणाचंच नसतं. बाहेरून खरोखर घड्याळ घ्यायचं नसेल, तर या खुणेला हात लावू नये.

महागडं बाहेरचं घड्याळ घेतलं की आवाज सुधारतो, या समजुतीवर बराच पैसा खर्च होतो. पण चांगल्या उपकरणातलं घड्याळ कन्व्हर्टरच्या शेजारीच बसवलेलं असतं. बाहेरून केबलने आलेल्या संकेताशी जुळवून घेताना घड्याळाच्या ठोक्यांतली थरथर (जिटर) कमी होण्याऐवजी थोडी वाढूच शकते. ब्रिटनच्या 'साउंड ऑन साउंड' मासिकाने २०१० मध्ये मोजमाप करून हेच दाखवलं होतं. बाहेरचं घड्याळ लागतं ते अनेक यंत्रणा, विशेषतः व्हिडिओची उपकरणं, एका वेगावर आणण्यासाठी.

'टक्' आला की लेटन्सी वाढवणं हा आणखी एक लोकप्रिय उपाय. लेटन्सी म्हणजे उशिरा येणाऱ्या पॅकेटसाठी ठेवलेली सवड. वेगच जुळत नसेल, तर ती १ मिलिसेकंदावरून ५ वर नेऊनही काही साधत नाही.

आणि 'एकाच स्विचला जोडलंय, म्हणजे जुळणारच' हेही खरं नाही. डान्टे मुळात पीटीपीच्या पहिल्या आवृत्तीवर चालतं, तर नेटवर्कवरच्या आवाजासाठीचं २०१३ चं एईएस६७ मानक दुसरीवर. या दोन आवृत्त्या एकमेकींचे संदेश समजत नाहीत. डान्टेच्या एखाद्या उपकरणात एईएस६७ मोड चालू केला, तर ते मधला दुवा बनतं. स्विचमधली वीज वाचवणारी 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' सोय मात्र बंदच करावी, कारण पोर्ट डुलकीतून जागा होईपर्यंत वेळेचा संदेश रेंगाळतो.

म्हणून कार्यक्रमाआधी साउंडवाल्यांनी डान्टे कंट्रोलरचं 'क्लॉक स्टेटस' पान एकदा उघडावंच. लीडर एकच आहे ना, तो आपणच ठरवलेला आहे ना आणि बाकी सगळे हिरवे आहेत ना, एवढं पाहावं.