‘फोटोरेझिस्ट’ : संज्ञेचा विग्रह आणि घरगुती मुद्रित मंडल

पारिभाषिक संज्ञेचा विग्रह चुकला, तर सामान्यतः अर्थाची हानी होते. ‘फोटोरेझिस्ट’च्या बाबतीत वस्तूचीही होते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी घरच्या घरी मुद्रित मंडल, म्हणजेच प्रिंटेड सर्किट, तयार करणाऱ्या हौशी मंडळींच्या वापरात हे द्रव्य असते. त्यास ‘प्रकाशरोधक’ म्हटल्यास ‘प्रकाशाला अडविणारे’ असा अर्थ निघतो. वास्तविक प्रकाशाने हे द्रव्य बदलते. ते अडविते तांबे खाणाऱ्या रसायनाला.

येथील ‘रेझिस्ट’ कापडरंगाईतही रूढ आहे. बाटिकमध्ये मेण लावलेल्या जागी रंग चढत नाही. ते मेण म्हणजे रेझिस्ट. मंडलाच्या पाटीवर सुमारे ३५ मायक्रोमीटर जाडीचा तांब्याचा थर असतो. त्यावरील रेझिस्टचा लेप जेथे टिकतो, तेथील तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात शाबूत राहते. उघडे पडलेले विरघळते. लेपाला आकार देण्याचे काम मात्र प्रकाशाचे. म्हणून हा समास मध्यमपदलोपी मानावा : प्रकाशाने घडविलेला रोधक.

‘मुद्रित’ हे विशेषणही केवळ अलंकारिक नव्हे. फ्रान्समध्ये नीएप्सने १८२० च्या दशकात प्रकाशाने कठीण होणारे डांबर धातूच्या पाटीवर लावून छपाईसाठी पाट्या कोरल्या. जर्मनीतील काल्ले कंपनीत ऑस्कर झ्यूस यांनी विकसित केलेली डायझो संयुगेही प्रथम छपाईच्या पाट्यांसाठीच होती. पुढे तीच इलेक्ट्रॉनिक उद्योगात आली.

या द्रव्याचे ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ असे दोन प्रकार आहेत. पॉझिटिव्हमध्ये अतिनील प्रकाश लागलेला भाग विद्राव्य होतो. त्यामुळे पारदर्शक पत्र्यावरील काळ्या रेषाच तांब्यात उतरतात. निगेटिव्हमध्ये प्रकाश लागलेला भाग कठीण होतो. तेथे रेषा पारदर्शक आणि पार्श्वभूमी काळी हवी. दोन्हींत पत्र्याची शाईची बाजू लेपाला भिडवावी. अन्यथा प्रकाश कडेने आत शिरून रेषा धूसर होतात.

धुण्याच्या द्रावणाचा भेद त्याहून महत्त्वाचा. पॉझिटिव्ह पाटी लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुतात. निगेटिव्ह फिल्मसाठी धुण्याच्या सोड्याचे सुमारे १ टक्का द्रावण पुरते. कॉस्टिक सोडा तिथे शेवटी, काम झालेला लेप उतरविण्यासाठी वापरतात. अर्थात् एका प्रकारात जे द्रावण आकृती प्रकट करते, तेच दुसऱ्यात ती पुसून टाकते. नावांची गल्लत झाली की पाटी वाया जाते.

या संज्ञांसाठी ‘धन’ व ‘ऋण’ योजण्यात आणखी एक अडचण आहे. विद्युत्-मंडलाच्या संदर्भात हे शब्द विद्युत्-भाराचे वाचक म्हणून स्थिरावले आहेत. वाचकाचे मन घटमालेच्या टोकांकडे जाईल. त्याऐवजी ‘अनुरूप’ व ‘विलोम’ हे शब्द मूळ आकृतीशी असलेला संबंध नेमका सांगतात. मुख्य द्रव्यासही ‘प्रकाशसंवेदी रोधक’ म्हणावे. त्यात प्रकाशाचे कार्य विशेषणात आणि रोधाचे नामात, असे स्वच्छ वेगळे राहते.

सुरक्षिततेच्या सूचनांतही भाषेचा नेमकेपणा हवा. ‘सोड्यात पाणी’ आणि ‘पाण्यात सोडा’ यांत केवळ विभक्तीचा फरक आहे. पण कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यातच थोडा थोडा घालावयाचा असतो. उलट केल्यास उष्णतेने द्रावण उसळते. डोळ्यांना चष्मा व हातांना रबरी मोजे हवेतच. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये जलचरांस विषारी असे तांबे उतरलेले असते. ते मोरीत न ओतता घातक कचरा म्हणून वेगळे साठवावे.