झाडीपट्टीतला थुक्पा

हिवाळा सुरू झाला की आपल्याकडच्या शहरांत रस्त्याच्या कडेला स्वेटरची दुकाने लागतात. त्यांतले बरेच दुकानदार तिबेटी असतात. हे लोक थेट हिमालयातून येतात, असे तुम्हांला वाटत असेल. पण त्यांची एक वसाहत आपल्या अगदी जवळ आहे. चांदा फोर्ट स्टेशनवरून गोंदियाच्या गाडीत बसा. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा ही स्टेशने मागे पडली की अर्जुनी येते. त्या तालुक्यात गोठणगावजवळच्या जंगलात नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. गडचिरोली जिल्हा तेथून लांब नाही. याच भागात प्रतापगड आहे. तेथे महादेवाची यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे.

१९५९ साली दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी लोक आले. भारत सरकारने त्यांना निरनिराळ्या राज्यांत जमिनी दिल्या. नॉर्गेलिंग १९७२ साली वसले. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरपेक्षाही उंच आहे. आपल्या झाडीपट्टीत मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. बर्फाच्या देशातली माणसे येथे धानाची शेती करू लागली. त्यांचे घर, हवा, पीक सारे बदलले. थुक्पा मात्र त्यांच्याबरोबर आला.

थुक्पा म्हणजे नूडल्सचा गरम रस्सा. गव्हाचे पीठ किंवा मैदा घट्ट मळून थोडा वेळ झाकून ठेवतात. मग लाटून त्याच्या लांब, बारीक पट्ट्या कापतात. कांदा, लसूण, आले, टोमॅटो, मुळा, पालक आणि मटण यांच्या रश्श्यात त्या पट्ट्या घालतात. मटण न घालताही थुक्पा चांगला लागतो. याचाच एक प्रकार थेंथुक. 'थेन' म्हणजे ओढणे. यात पिठाची लांब दोरी हाताने ओढून चपटी करतात आणि तिचे तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात टाकतात. आपल्या घरी वरणफळे होताना तुम्ही पाहिली असतील. तेथे रश्श्याऐवजी वरण असते, एवढाच फरक!

जुना तिबेटी थुक्पा फारसा तिखट नसे. भारतात त्यात मिरची वाढली. शेजारी वाटीत सेपेन नावाची लाल मिरचीची चटणी असते. ज्याला जेवढे तिखट हवे, तेवढी त्याने घ्यावी. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. मिरचीही मूळची आपली नव्हे, तिबेटचीही नव्हे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती भारतात आली. आज भिवापूरची मिरची नावाजलेली आहे, आणि ती परदेशी आहे असे कोणी म्हणत नाही.

उर्दूतला 'रिश्ता' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. फारसीत त्याचा मूळ अर्थ धागा. इराणमध्ये नूडल्सनाही रिश्ताच म्हणतात. घरातले कोणी प्रवासाला निघाले की तेथे 'आश-ए-रिश्ता' शिजवण्याची रीत आहे. थुक्पाही केवळ बौद्धांचा नाही. ल्हासात मुसलमानही शतकानुशतके राहत होते. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज काश्मिरी व्यापारी होते, म्हणून तिबेटी भाषेत त्यांना 'खचे', म्हणजे काश्मिरी, म्हणतात. १९५९ नंतर त्यांतले पुष्कळ लोक श्रीनगरला आले. त्यांच्या घरांतही थुक्पा होतो.

आता तिबेटी वसाहतींतली तरुण मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी मोठ्या शहरांत, परदेशांत जातात. मोठा थुक्पा मात्र एकट्याने होत नाही. 'लोसार' या नववर्षाच्या आदल्या दिवसांत गुथुक करतात. 'गु' म्हणजे नऊ. त्यात नऊ जिन्नस असतात. प्रत्येकाच्या वाटीत पिठाचा एक मोठा गोळा येतो. त्याच्या आत काय दडले आहे, ते सर्वांसमोर फोडून पाहायचे. लोकर निघाली तर तो माणूस मायाळू, मीठ निघाले तर आळशी, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा. मिरची निघाली तर तो बडबड्या, आणि सगळे घर त्याला हसते. वाटीतला थोडा रस्सा मात्र पिऊन टाकायचा नाही. तो पिठाच्या बाहुलीबरोबर रात्री घराबाहेर नेऊन ठेवतात, म्हणजे जुन्या वर्षाची पीडा त्याच्याबरोबर निघून जाते.