मानेवर उमटलेलं चौक!

मे महिन्यातला शनिवार. ‘वन ट्री हिलवरून माथेरान?’ ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि आम्ही चौघं तयार! जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं चौक गाठेपर्यंत साडेनऊ वाजले. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट याच चौकच्या मुक्कामातून डोंगर चढले आणि साहेबांना माथेरान ‘सापडलं’. माझ्या डोक्यावर कॅप होती. कपाळ झाकलेलं, कान आणि मान मात्र देवाच्या भरवशावर! सनस्क्रीन? सकाळी सहाला वाटाण्याएवढं लावलं होतं की!

पायथ्याशी करवंदं विकणारी मावशी झाडाखाली बसली होती. डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल. ‘आता चढताय? आम्ही उन्हाआधी कामं उरकतो,’ ती म्हणाली. आम्ही हसलो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये शर्टाची कॉलर टेकवत नव्हती. मान लालबुंद, दोन दिवसांनी सालं निघायला लागली. ‘मी सावळा, मला काय होतंय?’ हा माझा समज त्वचारोगतज्ज्ञांनी मोडला. मेलॅनिन म्हणजे छत्री खरी, पण पातळ कापडाची. मग त्यांनी विचारलं, ‘गाडी स्वतः चालवता ना?’ माझा उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडला होता. काच त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण बरेचसे अडवते, पण खोलवर जाऊन सुरकुत्या आणि डाग आणणारे यूव्हीए आत येतातच. एसी असला तरीही!

आणि हे नुकसान वर्षानुवर्षं साठत जातं. मला एकदम बाबा आठवले. ३० वर्षं बांधकामाच्या साइटवर उभे राहिलेले. त्यांच्या मानेवरच्या खोल रेषा मी वयाच्या समजत होतो.

आपल्याकडे मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. तेव्हा मुद्दा गोरं होण्याचा नाहीच. आहे ती त्वचा धड ठेवण्याचा आहे.

एवढं कराच

* सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली, की सावली शोधा. ढग असले तरी गाफील राहू नका.
* चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून सनस्क्रीन घ्या. निघण्याआधी १५-२० मिनिटं लावा. दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा.
* एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता ते महत्त्वाचं! यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं बघा.
* कॅपऐवजी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, गॉगल.
* भाजलंच तर गार पाणी आणि मॉइश्चरायझर. बर्फ, लिंबू, टूथपेस्ट नको. फोड, ताप किंवा चक्कर आली तर डॉक्टर गाठा. तिळाचा रंग-आकार बदलला तरीही.

पुढच्या मेमध्ये पुन्हा चौकला गेलो, या वेळी उजाडताना. रुंद टोपी, मानेवर रुमाल, बॅगेत ट्यूब. मावशी करवंदांची पाटी घेऊन निघालीच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आता कसं शहाण्यासारखं आलात!’

आणि हो, बाबांसाठीही एक ट्यूब आणलीय. ‘आता या वयात?’ म्हणतात, पण लावतात!